विद्येसाठी परमुलखात : विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास

मुलाला अथवा मुलीला विमानतळावर निरोप देऊन परतणाऱ्या आईवडिलांच्या मनात त्या रात्री जो प्रश्न घर करून राहतो, तो नवा नाही. परक्या देशात, परक्या माणसांत आपले लेकरू सुखरूप राहील ना, हा प्रश्न बोटीच्या काळातही तितकाच जीवघेणा होता. किंबहुना पत्राचे उत्तर यायला महिना-दीड महिना लागत असल्यामुळे अधिकच. मात्र त्या काळापासूनचा वृत्तांत बारकाईने पाहू गेल्यास एक गोष्ट वारंवार लक्षात येते. घरच्यांना ज्याचे भय वाटत होते आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्षात ज्याने गाठले, ती दोन्ही संकटे क्वचितच एक होती.

इ.स. १८८८ मधील राजकोटचे उदाहरण सर्वपरिचित आहे. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जाऊ इच्छिणाऱ्या मोहनदास करमचंद गांधी या अठरा वर्षांच्या मुलाच्या मातेस, पुतळीबाईंस, विलायतेविषयी नाना गोष्टी ऐकू आल्या होत्या. तेथे गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, मद्यावाचून त्यांचे चालत नाही, असे लोक सांगत. कुटुंबाचे सल्लागार असलेले बेचरजी स्वामी हे मूळचे मोढ वणिक, परंतु जैन साधू झालेले होते. पुतळीबाईंनी त्यांचा विचार घेतला. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे तीन नियम स्वामींनी मोहनदासांना दिले आणि मग मातेची अनुज्ञा मिळाली. मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी मात्र प्रवासास विरोध करून त्यांना ज्ञातिबहिष्कृत केले. जो कोणी त्यांना साहाय्य करील अथवा बंदरावर पोचवावयास जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट सुटली.

या तीन नियमांची महती पुष्कळ गायिली गेली आहे आणि ते योग्यच आहे. तथापि नियम काय करू नये ते सांगतात; काय खावे, कोठे राहावे, पैसा कसा पुरवावा, हे सांगत नाहीत. बोटीवर कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचा संकोच वाटल्याने मोहनदास भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर खोलीतच दिवस काढले. लंडनला पोचल्यावर व्हिक्टोरिया हॉटेलातील दर पाहून छाती दडपली. पुढे रिचमंडला दलपतराम शुक्लांकडे महिनाभर आणि नंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईच्या घरी राहताना सकाळी ओटची लापशी, दुपारी-रात्री उकडलेली पालेभाजी, पाव आणि मुरंबा एवढाच आहार. आणखी पाव मागावयास लाज वाटे. घरमालकिणीच्या दोन मुली आग्रहाने एखाददुसरा तुकडा अधिक वाढीत, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे पोट तेवढ्याने कसे भरणार? रात्री घराच्या आठवणीने डोळ्यांतून अश्रू वाहत. विलायतेत मुलगा अन्नाला महाग होईल, ही भीती राजकोटात कोणाच्या मनास शिवलीही नसावी.

त्यांना सावरले ते माणसांनी. निघताना त्यांच्याजवळ चार ओळखपत्रे होती. त्यांपैकी डॉ. प्राणजीवन मेहता पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात भेटावयास आले. बोलता बोलता मोहनदासांनी त्यांची मऊ केसाळ उंच टोपी उचलून उलटा हात फिरवला आणि डॉक्टरांनी त्यांना तेथेच थांबविले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत खासगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये, असे काही नियम त्यांनी सांगितले. या गोष्टी आज क्षुल्लक वाटतील. पण परक्या समाजात कोणत्या वागण्याने माणूस दुखावतो अथवा बिथरतो हे आधी ठाऊक असणे, हा संरक्षणाचाच एक भाग होय. हॉटेल सोडून एखाद्या कुटुंबात राहा, हाही सल्ला मेहतांचाच. मातेने राजकोटात जे दिले ते व्रत होते. मेहतांनी लंडनमध्ये दिला तो व्यवहार. दोहोंपैकी एकाने काम भागले नसते.

अन्नाचा प्रश्न त्यांनी स्वतः पायपीट करून सोडविला. दिवसाला दहा-बारा मैल हिंडून ते स्वस्त खाणावळी शोधत आणि असेच हिंडताना फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृह त्यांना सापडले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी एका शिलिंगास विकत घेतले. विलायतेत आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण त्या दिवशी मिळाले. त्या उपाहारगृहाने अन्नाबरोबर सोबतही दिली, ही त्याहून मोठी गोष्ट. शाकाहारी मंडळाच्या कामातून समविचारी इंग्रज माणसे जोडली गेली आणि परका मुलगा कोणाच्या तरी ओळखीचा झाला.

पैशाच्या बाबतीतही तसेच. बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र यांचा अगदी लहानसा खर्चही वहीत मांडून रोज रात्री निजण्यापूर्वी ते शिल्लक जुळवीत. पुढे कुटुंबातील राहणे सोडून त्यांनी भाड्याची खोली घेतली, ती कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल अशी. त्यामुळे गाडीभाडे वाचले आणि रोजचे चालणे आपोआप घडले. नंतर दोन खोल्यांची एक केली, शेगडी घेतली आणि सकाळची लापशी व कोको घरीच करू लागले. परदेशी विद्यार्थ्याला कर्ज आणि उधारी यांनी जितके ग्रासले आहे, तितके मद्यानेही क्वचितच ग्रासले असेल. हिशेबाची ही वही मोहनदासांच्या सुरक्षिततेत तीन नियमांच्या खालोखाल मोजावी लागेल.

नियमांची खरी कसोटी लागली ती १८९० मध्ये पोर्ट्समथ येथे. हे बंदर खलाशांचे. शाकाहारी परिषदेसाठी गेलेल्या गांधी आणि त्यांच्या एका हिंदी मित्राची व्यवस्था स्वागत समितीने ज्या घरी केली, तेथील बायकांच्या चालचलणुकीची समितीला कल्पना नव्हती. रात्री पत्त्यांचा डाव रंगला, थट्टेची पातळी घसरत गेली आणि मोहनदासही त्यात ओढले जाऊ लागले. त्या क्षणी सोबतच्या मित्राने त्यांना कठोर शब्दांत सावध केले. ते कापत कापत आपल्या खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोर्ट्समथ सोडले. गांधींनी पुढे आपल्या आत्मकथेत या सुटकेचे श्रेय ईश्वराला दिले. त्यांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही हे नोंदविले पाहिजे की, मातेला दिलेल्या वचनाची आठवण त्या रात्री जागी झाली ती शेजारी बसलेल्या मित्राच्या शब्दामुळे. परदेशात सोबती असावा तो असा. नुसता गावचा, भाषेचा किंवा ज्ञातीचा असून भागत नाही.

आणखी एक धोका त्या काळच्या हिंदी विद्यार्थ्यांनी स्वतःच ओढवून घेतलेला होता. लहानपणी लग्न झालेले असूनही इंग्रज कुटुंबांत ते अविवाहित म्हणून वावरत. मोहनदासांनीही हेच केले. ब्रायटनच्या हॉटेलात फ्रेंच भाषेतील भोजनपत्रिका समजावून देणाऱ्या एका वृद्ध बाईंनी त्यांना लंडनमध्ये दर रविवारी जेवावयास बोलावण्यास आरंभ केला, एका तरुणीशी ओळख करून दिली आणि प्रकरण कोठे चालले आहे हे लक्षात येताच मोहनदासांनी पत्र लिहून आपला विवाह झाला असून एक मुलगाही आहे हे कळविले. बाईंनी ते हसण्यावारी नेले आणि रविवारचे आमंत्रण कायम ठेवले. १० जून १८९१ रोजी बॅरिस्टरीची सनद मिळाली, १२ जूनला ते परत निघाले. मुंबईस उतरल्यावर थोरल्या बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला ज्ञातिभोजन घातले. समाजाचे समाधान करण्याची रीत पुरी झाली.

याच्या पाच वर्षे आधी एका मराठी मुलीची कथा वेगळ्या तऱ्हेने घडली होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? ३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म, कल्याणचे माहेर, नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले मूल, आणि त्या दुःखातून जन्मलेली वैद्यकी शिकण्याची जिद्द. गोपाळरावांची नोकरी टपाल खात्यात. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे असताना २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत ते सांगितले. श्रोत्यांच्या मनातील मुख्य शंका एकच होती, ती धर्माची. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे आश्वासन त्यांनी दिले आणि ते अक्षरशः पाळले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या.

तेथे त्यांना उतरवून घ्यावयास थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या बाईंचा आणि जोशी कुटुंबाचा संबंध केवळ पत्रांचा. एका दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना त्यांनी एका ख्रिस्ती मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले, त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या या घरात त्या उन्हाळ्यात आनंदीबाई कुटुंबातील मुलीप्रमाणे राहिल्या. ज्या काळात विलायतेस निघालेल्या पुरुषांनाही राहण्याची जागा हुडकावी लागे, त्या काळात एकट्या निघालेल्या अठरा वर्षांच्या स्त्रीस असे घर मिळाले, हा पत्रव्यवहाराचा प्रताप होय. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले यांनीही त्यांना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली. धर्म, पैसा, आधार या तिन्ही बाजू अशा रीतीने भक्कम होत्या. उणीव राहिली ती खोलीत.

१८८३ च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियात आनंदीबाईंना राहावयास मिळालेल्या खोलीतील भिंतीतली शेगडी नीट नव्हती. पेटविली की धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी खोलीत कोंडे. न पेटवावी तर थंडीने गारठावे. धूर किंवा गारठा, यांतून निवड करावयाची. उघड्या पोटऱ्यांना बोचणाऱ्या थंडीमुळे नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा विचार त्यांना करावा लागला आणि एवढ्या साध्या गोष्टीचाही खुलासा पतीला पत्रातून द्यावा लागला. खाण्याचे निर्बंध पाळायचे म्हणून स्वयंपाक स्वतःचा स्वतः करावयाचा आणि त्यावर वैद्यकीचा अभ्यास. प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली. परंतु तोपर्यंत क्षयाने त्यांना ग्रासले होते. वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, निवर्तल्या.

त्यांच्या मृत्यूचे खापर एकट्या त्या शेगडीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. क्षय जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच सिद्ध केले होते आणि त्यावर गुणकारी ठरणारे स्ट्रेप्टोमायसिन निघावयास १९४३ साल उजाडले. पण थंडी, कोंदट हवा, अपुरा आहार आणि अतिश्रम यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचते, हे निर्विवाद आहे. विचार करण्याजोगी गोष्ट ही की श्रीरामपूरच्या सभेत धर्माविषयी विचारणारे अनेक होते. तिकडे हिवाळा कसा असतो, खोली कशी मिळेल, असे विचारणारे कोणी होते की नाही याची शंकाच आहे. त्यांची रक्षा पुढे अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आली.

विद्यार्थ्यांची काळजी एखाद्या संस्थेने घ्यावी, हा विचारही याच काळातील. मेरी कार्पेंटर (या वरील कार्पेंटर कुटुंबातील नव्हेत, इंग्लंडच्या) यांनी १८७० मध्ये ब्रिस्टल येथे नॅशनल इंडियन असोसिएशन स्थापन केली. पुढे एलिझाबेथ मॅनिंग या बाईंनी दीर्घकाळ तिचे काम पाहिले. हिंदी विद्यार्थ्यांना इंग्रज कुटुंबांशी जोडून देणे, मेळावे भरविणे असे कार्य तेथे चाले. मोहनदास गांधीही तेथे जात. तेथेच त्यांची नारायण हेमचंद्र या अवलिया लेखकाशी गाठ पडली, ज्यांच्यावर पुढे अमेरिकेत धोतर-सदरा घालून हिंडल्याबद्दल असभ्य वेशाचा खटला झाला होता. दुसऱ्या देशाचा कायदा कोणत्या गोष्टीत आडवा येईल, याची कल्पना घरी बसून येत नाही, ती अशी.

पण काळजीचे पाळतीत रूपांतर व्हावयास वेळ लागला नाही. १ जुलै १९०५ रोजी श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाऊस सुरू केले. विद्यार्थ्यांना स्वस्त आणि आपलेपणाचे वसतिगृह मिळाले. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर तेथे आले आणि ते क्रांतिकारकांचे केंद्र बनले. सरकारने १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांपैकी एक सर कर्झन वायली. समितीचा वृत्तांत सरकारने त्या वेळी प्रसिद्धच केला नाही. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी वायलींचा वध केला तो नॅशनल इंडियन असोसिएशनच्याच मेळाव्यात. पुढल्या वर्षी २१, क्रॉमवेल रोड येथे सरकारी सल्लागाराचे कार्यालय, असोसिएशन आणि नवागतांसाठी तात्पुरत्या निवासाच्या खोल्या एकाच छताखाली आल्या. सोय उत्तम होती. तरीही अनेक विद्यार्थी तेथे जाण्यास कचरत. येथे आपल्यावर नजर ठेवली जाते, अशी त्यांची धारणा झाली होती. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडे अडचणीत कोण जाणार? संकटातील विद्यार्थी मदतीपासून दूर राहतो, त्याचे हे कारण आजही पुष्कळदा दिसते.

१९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचलेल्या भीमराव आंबेडकरांचे रक्षण कोण्या संस्थेने केले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची; तिच्यातून घरीही पैसे पाठवावयाचे. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमधील जेवण मानवेना, म्हणून ते आठवड्यातच दुसरीकडे गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासमवेत राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत. ते स्वतः एका बोटीने सुखरूप आले. पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठविले होते, ती पाणतीराने बुडाली. विमा कंपनीकडून म्हणा वा वाहतूकदाराकडून म्हणा, पैसे भरून मिळतात. टिपणे आणि ग्रंथ मिळत नाहीत. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले ते शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काढलेले ते दिवस सर्वश्रुत आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशगमन वाढत गेले आणि एकविसाव्या शतकात तर त्याला बाजाराचे रूप आले. १८८८ मध्ये जो प्रश्न चार ओळखपत्रांनी सुटत होता, तो आता दलालांच्या जाहिरातींवर सोपविला जाऊ लागला. २००९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न आणि सिडनी येथे भारतीय विद्यार्थ्यांवर जे हल्ले झाले, त्यांमागे वंशद्वेष किती आणि लूटमार किती यावर तेथे बराच वाद झाला. परंतु हल्ले होण्याजोगी परिस्थिती कशी निर्माण झाली, हे उघड होते. भाडे कमी म्हणून शहरापासून दूर उपनगरात घर, शुल्क भरण्यासाठी रात्री उशिरापर्यंत नोकरी, आणि शेवटच्या गाडीने उतरून निर्जन स्थानकापासून घरापर्यंत एकट्याने चालणे. मातृभाषेत मोठ्याने बोलू नका, किमती वस्तू उघड्यावर बाळगू नका, असा सल्ला तेथील पोलिसांनी दिला. डॉ. मेहतांच्या सल्ल्याशी याचे शाब्दिक साम्य आहे, पण भाव अगदी निराळा. विद्यार्थी संतापले ते रास्तच होते. ३१ मे २००९ रोजी मेलबर्नमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. पुढे २०१२ पासून तेथील रेल्वे स्थानकांवर सायंकाळी सहानंतर सुरक्षा अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली. त्याच सुमारास खासगी महाविद्यालये एकामागून एक बंद पडून विद्यार्थ्यांचे शुल्क बुडाले होते; तेव्हा शुल्कास संरक्षण देणारी योजनाही तेथील सरकारने २०१२ मध्ये आणली.

अमेरिकेत जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला. नावाचे विद्यापीठ, प्रत्यक्षात परवान्यांचा व्यापार. शेकडो भारतीय विद्यार्थी एका दिवसात बेकायदा ठरले आणि काहींच्या पायांत सरकारने माग काढणारे यंत्र बांधले. घरी मात्र मुलगा विद्यापीठात शिकतो आहे, याचेच समाधान होते.

युद्धाचे संकट तर कोणाच्याच हिशेबात नसते. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीयांत महाराष्ट्रातीलही अनेक मुले-मुली होत्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले. १ मार्च रोजी खारकीव्हमध्ये खाद्यपदार्थ आणण्यासाठी बाहेर पडलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी तोफमाऱ्यात मृत्युमुखी पडला. दुसऱ्याच दिवशी भारतीय दूतावासाने खारकीव्हमधील विद्यार्थ्यांना वाहन न मिळाल्यास पायी निघून जवळच्या वस्त्यांत पोचण्यास सांगितले. सुमी या शहरातील सुमारे सातशे विद्यार्थी मात्र अडकून पडले. नळ आटले, तेव्हा बाहेरचे बर्फ बादल्यांत भरून ते वितळवून पिण्याची वेळ आली. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेत एकूण सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. सुमीची तुकडी जवळजवळ शेवटची. ८ मार्च रोजी बसगाड्यांनी त्यांना पोल्टाव्हा येथे आणले गेले, तेथून आगगाडीने लिव्हिव्ह, मग पोलंड, आणि ११ मार्च रोजी त्यांची विमाने दिल्लीस उतरली.